इमाद : वऱ्हाडचा एक विसरलेला शब्द

‘इमाद’ म्हणजे खांब, आधार. कुरआन शरीफात सूरह फज्रमध्ये इरमच्या वर्णनात हा शब्द येतो. वऱ्हाडात तो आला बहामनी दरबारातून, तोही किताब म्हणून : इमाद-उल-मुल्क, राज्याचा आधारस्तंभ. हा किताब मिळवणारा फतहुल्लाह विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला हिंदू मुलगा होता, असे फरिश्ता लिहितो. आम्हांला ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. १४९० मध्ये तो एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, स्वतंत्र झाला. गाविलगड, नरनाळा हे किल्ले त्याच्याच राज्यातले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही गिळली. शाळेत हा शब्द सगळेच पाठ करतात. पण अमरावती-अकोल्यात इमाद नावाचा मुलगा क्वचितच भेटतो.