मालमोटारींचे पक्ष

राजकारणांत जसे पक्ष असतात, तसे ते लहान मालमोटारींच्या मालकांतही असतात. एकाला टाटांशिवाय दुसरी गाडी दिसत नाहीं. दुसऱ्याला महिंद्रांवांचून चैन पडत नाहीं. शहरांतील सुशिक्षित मनुष्याला हा अभिमान पोरकट वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे त्याच्या मुळाशीं निराळीच गोष्ट आढळते.

जळगांव जिल्ह्यांतील यावल तालुका घ्या. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या सुपीक पट्ट्यांत केळीच्या बागा. जळगांवच्या केळीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण मानांकनानें घड टिकत नाहीं. कापलेला घड पिकण्यापूर्वीं दूरच्या बाजारीं पोंचला पाहिजे. बागेच्या बांधापासून मोठ्या मोटारीपर्यंतच्या वाटेंत गाडी बंद पडली, तर वर्षाची मेहनत आणि कर्जाचा हप्ता दोन्ही संकटांत येतात. पूर्वीं हा सारा भरंवसा बैलजोडीवर होता, आणि आपल्या जोडीचा अभिमान कोणत्या शेतकऱ्याला नव्हता? पोळ्याला शिंगांवर चढणारा रंग आणि दसऱ्याला मोटारीवर चढणारी झेंडूची माळ, यांच्यामागची भावना एकच आहे.

आतां यंत्रयुगाकडे वळूं. १९५८ सालीं नवलमल फिरोदिया यांनीं जर्मन कारखान्याच्या सहकार्यानें बजाज टेम्पो कंपनी काढली. तिच्या तीनचाकी गाडीचें नांव इतकें रुळलें कीं, महाराष्ट्रांत कोणत्याही कंपनीची लहान मालमोटार 'टेम्पो' म्हणविली जाऊं लागली. याहून मोठा विजय कोणता? पण जें नांव सर्वांचें झालें, तें एकाचें राहिलें नाहीं. २००५ सालीं कंपनीनेंच तें सोडून फोर्स मोटर्स हें नांव धारण केलें.

१९८० नंतरच्या दशकांत टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें बनलेल्या गाड्या आल्या. त्या गुणांनीं उत्तम होत्या. परंतु जपानी येनचा भाव चढला आणि बाहेरून येणारे सुटे भाग महागले. टाटांनीं १९८६ सालीं ४०७ ही गाडी काढून त्यांना तोंड दिलें व बाजार राखला. पुढें २००५ सालीं टाटांचीच दोन सिलिंडरांची डिझेल गाडी 'एस' आली. ती 'छोटा हत्ती' म्हणून घरोघरीं ओळखीची झाली. महिंद्रांनीं जीपच्या परंपरेंतूनच बोलेरोची पिकअप उभी केली, आणि जुना सामना नव्यानें सुरू झाला.

या इतिहासाचें सार काय? गाडी कितीही नामांकित असो, तिचा पाटा तुटला असतां जवळचा मिस्त्री ती ओळखतो काय आणि सुटा भाग त्याच दिवशीं मिळतो काय, हे दोन प्रश्न मालकाला महत्त्वाचे. शेजाऱ्याची गाडी त्याच जातीची असली, तर मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. म्हणून एकाच्या पाठोपाठ दुसरा तीच गाडी घेतो, आणि गांवाचा पक्ष बनतो. बाहेरून जी निष्ठा दिसते, ती पुष्कळ अंशीं सावधगिरी असते. ज्या कंपनीनें ती आपल्या नांवावरील प्रेम समजून मिस्त्रीकडे दुर्लक्ष केलें, तिचा पक्ष एका हंगामांतही फुटूं शकतो; कारण कापलेला घड कोणत्याही कंपनीसाठीं थांबत नाहीं.