पाचवी आज्ञा आणि ‘ऋण’
१२. पाचवी आज्ञा : आईबापांचा मान राखण्याची (निर्गम २०:१२). कॅथलिक गणनेत ती चौथी येते, म्हणून वसईच्या वाचकाला इथे छापखान्याची चूक वाटेल, ती नाही. या गोष्टीच्या लेखिकेचं घर तामलवाडीचं, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं. वळण मात्र १८३१ साली अहमदनगरात ठाणं मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या प्रार्थनेत मराठी बायबल ‘ऋण’ म्हणतं. लूककडे त्याजागी ‘पाप’ येतं. गोष्टीत भावाने फोडलेली पाटी वहीत उधारीसारखी मांडून आई ती ओळ मुलीकडूनच खोडून घेते, ती या ‘ऋण’ शब्दामुळे. क्षमा साताच्या सत्तर वेळा करायची, तर वहीत ४९० ओळी भरल्यावर काय, हा मुलीचा प्रश्न. पेत्र सातावरच अडला होता (मत्तय १८:२१).