सातव्या घटकाची गोष्ट

१९६४ साली माझी थोरली ताई बाळंतपणात अंगावरून रक्त जाऊन गेली. मूल वाचलं. तो माझा भाचा आता साठीचा आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तेव्हा रक्त थांबवायचं औषधच नव्हतं का हो?"

मी इतिहासाचा मास्तर, वैद्यकातलं मला काय कळणार? पण वाचत बसलो.

हिमोफिलियाच्या काही रुग्णांचं शरीर बाहेरून दिलेला गोठण-घटक नाकारतं. त्यांच्यासाठी स्वीडनच्या डॉ. उला हेडनर यांच्या संशोधनातून 'सातवा घटक' हे औषध आलं. युरोपात १९९६ला, अमेरिकेत १९९९ला त्याला मान्यता मिळाली. औषध भयंकर महाग. १९९९मध्येच इस्रायलमधल्या एका सैनिकाची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्याला हिमोफिलिया नव्हता, गोळी लागली होती. काही केल्या रक्त थांबेना, तेव्हा हे औषध दिलं आणि तो वाचला. झालं! इराकच्या युद्धात अमेरिकन लष्करी डॉक्टर ते जखमींना देऊ लागले. मेंदूतल्या रक्तस्रावावर २००५मध्ये सुमारे चारशे रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, मृत्यू २९ टक्क्यांवरून १८वर आलेले. कोणालाही मोह पडावा असेच आकडे.

पुढे २००८मध्ये ८४१ रुग्णांवरची चाचणी आली. मेंदूतला रक्तस्राव कमी वाढला खरा, पण माणसं काही जास्त वाचली नाहीत. २०१०मध्ये ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तर रोहिणीत गुठळी होण्याचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ५.५ टक्के, न घेतलेल्यांत ३.२. म्हणजे रक्त नको तिथेही गोठत होतं. सैनिकाची गोष्ट खोटी नव्हती हो, पण एका मुलाच्या पेपरावरून आम्ही कधी शाळेचा निकाल लावला नाही.

आणि गंमत बघा, स्वस्त औषध आधीपासून होतंच. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२मध्ये जगापुढे मांडलं. ते नवी गुठळी करत नाही, झालेली विरघळू देत नाही, एवढंच. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबावा हीच उताकोबाईंची इच्छा होती. अपघातातल्या वीस हजार जखमींवर त्याची मोठी परीक्षा झाली ती २०१०मध्ये, आणि तेवढ्याच बाळंतिणींवरची २०१७मध्ये. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२वर आले. उताकोबाई २०१६मध्येच गेल्या होत्या.

भाच्याला मी दोन्ही सालं सांगितली. बासष्ट आणि चौसष्ट. तो काही बोलला नाही. फोन मात्र बराच वेळ चालू होता.