दोन रकान्यांची शाळा

पान उघडलं की दोन रकाने दिसतात. डाव्या रकान्यात पडद्यावर काय दिसायला हवं ते, उजव्यात त्याच वेळी बोलायचं वाक्य. डावीकडे ‘कर्सर फाइल मेनूवर’, उजवीकडे ‘फाइल मेनूवर क्लिक करा’. पुढची ओळ, पुन्हा तसंच. वाचायला म्हणून बसलात तर दुसऱ्या मिनिटाला जांभई येईल. पण पवईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची सगळी इमारत या कंटाळवाण्या तक्त्यावर उभी आहे. बाहेर दिसतो तो दहाएक मिनिटांचा व्हिडिओ. खरी मेहनत तक्त्यात झालेली असते.

प्रकल्पाचे प्रवर्तक प्रा. कन्नन मौद्गल्य केमिकल इंजिनिअरिंगचे. डिजिटल कंट्रोल हा त्यांचा विषय. त्यावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक २००७ साली आलं. यंत्र किती चुकतंय ते मोजायचं, ती चूक परत त्याच्याच पुढ्यात टाकायची, आणि त्यातून ते ताळ्यावर आणायचं, हा कंट्रोलचा गाभा. पुढे पाठ तयार करण्याची जी रीत या प्रकल्पात रुळली तिच्यातून हा विषय डोकावतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे. २००९ साली केंद्र सरकारचं ‘नॅशनल मिशन ऑन एज्युकेशन थ्रू आयसीटी’ सुरू झालं आणि त्यातल्या ‘टॉक टू अ टीचर’ या उपक्रमाखाली स्पोकन ट्युटोरियलच्या कामाला पैसा मिळाला.

त्या वेळी तालुक्याच्या कॉलेजांत संगणक येऊन पडले होते. लिनक्स, आकडेमोडीसाठीचं सायलॅब, मजकूर जुळणीसाठीचं लाटेक अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही होती. नव्हता तो शिकवणारा. म्हणून पाठ असा बेतला की शिक्षक समोर नसला तरी चालावं. व्हिडिओत चेहरा नाही, फळा नाही; फक्त संगणकाचा पडदा आणि एक आवाज. यात काटकसरही होती. पडद्यावरचं चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे फाइल लहान राहते, एकदा लॅबच्या मशीनवर उतरवून घेतली की इंटरनेट असो-नसो, काम चालतं. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, उरलेल्या अर्ध्यात तेच सॉफ्टवेअर उघडायचं, ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं. सायकल शिकवणाऱ्या काकांना असं थांबवता आलं असतं तर आमचे गुडघे कमी फुटले असते.

हे सगळं ज्यावर अवलंबून आहे ती पायरी म्हणजे ‘नॉव्हिस चेक’. स्क्रिप्ट लिहून झाली की लगेच रेकॉर्डिंग करायचं नाही. ते सॉफ्टवेअर ज्याने कधी उघडलेलं नाही अशा माणसापुढे तक्ता ठेवायचा आणि सांगायचं, वाच आणि कर. तो जिथे अडेल तिथे स्क्रिप्ट दुरुस्त करायची. त्याला समजावत बसायचं नाही, कारण व्हिडिओ पाहणाऱ्याला समजवायला कोणी येणार नाही. विषयाचा जाणकार तपासणीस यात असतो, दर्जा पाहणारा वेगळा असतो, पण माझ्या मते या संपादक मंडळात सगळ्यांत मोठा मान या नवख्याचा. आपल्या शाळा-कॉलेजांत ज्याला येत नाही त्याने गप्प बसायचं असतं. इथे त्याच्या न येण्याला काम मिळालं.

स्क्रिप्ट विकीवर ठेवलेली असते. एकाने लिहावी, दुसऱ्याने तपासावी, तिसऱ्याने रेकॉर्ड करावी, चौथ्याने भाषांतर करावं आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद मागे राहावी, अशी ही सोय. २०११ साली मौद्गल्यांनी ‘सीएसआय कम्युनिकेशन्स’मध्ये या पद्धतीवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी तिला सहकार्यातून उभी राहणारी आणि मोठ्या प्रमाणावर नेता येणारी पद्धत म्हटलं आहे. पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले आहेत: नाव द्या, बदला, पुढे द्या, पण पुढे देताना तेवढंच मोकळं ठेवा.

मराठीचं काम सुरू होतं इंग्रजी पाठ पुरा झाल्यावर. तेव्हा तक्त्याचा डावा रकाना बदलतो. चित्राच्या जागी वेळ येते: अमुक मिनिट, अमुक सेकंद. संविधानातल्या २२ भाषांसाठी हीच रीत. चित्र इंग्रजीच राहतं, फक्त आवाज बदलतो. कारण सरळ आहे. उद्या नोकरीत समोर जो पडदा येईल तो इंग्रजी असेल. लिबर ऑफिस या खुल्या सॉफ्टवेअरचं मराठी रूपही मिळतं, त्यात ‘सेव्ह’च्या जागी मराठी शब्द दिसतो. पण व्हिडिओतल्या पडद्यावर ‘सेव्ह’ असताना कानावर ‘जतन’ पडलं तर विद्यार्थी शब्द शोधत राहील. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणावं की ‘संचिका’ हा वाद घालायला परिषदा आहेत. माउस हातात असताना तो परवडत नाही.

भाषांतर करणाऱ्यांची खरी परीक्षा सेकंदांची असते. इंग्रजीत सहा सेकंदांत बसलेलं वाक्य मराठीत नऊ सेकंद खातं, तोवर पडद्यावरचा कर्सर पुढे निघून गेलेला असतो. मग वाक्य कापायचं, ‘त्यानंतर आपण असे करूया की’ ही आपली लाडकी शेपटी छाटायची. उलट एका बाबतीत मराठी इंग्रजीहून सोयीची पडते. इंग्रजी आधी ‘क्लिक’ म्हणते आणि मग कुठे ते सांगते. उतावळा हात तोवर कुठेतरी क्लिक करून मोकळा. मराठीचं क्रियापद शेवटी येतं. ‘डाव्या कोपऱ्यातल्या फाइल मेनूवर’ एवढं ऐकून डोळा जागेवर पोचतो, मग ‘क्लिक करा’ येतं. अडचण येते ती लिंगाची. इंग्रजी स्क्रिप्टला बोलणारी बाई आहे की पुरुष याच्याशी देणंघेणं नसतं. मराठीत ‘मी आता दाखवते’ लिहिलं आणि आवाज पुरुषाचा मिळाला, की स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा हाताखालून घालायची. यावर तोडगा म्हणून ‘आपण बघू’, ‘येथे दिसेल’ अशी वळणं घेतली की वाक्यातून मी नाहीसा होतो. दहा मिनिटं सतत ‘आपण’ ऐकायला मला व्यक्तिशः बरं वाटतं. शेजारी बसून कोणी शिकवतंय असं वाटतं.

आयआयटीतच स्पोकन ट्युटोरियलचं भावंड वाढलं: ‘फॉसी’. खुल्या सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार हे त्याचं काम. त्यांची ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ ही योजना मला फार कल्पक वाटते. ठिकठिकाणच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी एखादं प्रमाण पाठ्यपुस्तक निवडायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबच्या कोडमध्ये उतरवायची. तपासणारा प्रत्येक कोड चालवून बघतो आणि उत्तर पुस्तकाशी जुळतं का ते पाहतो. मूळ मजकूर नाही, फक्त कोड. म्हणजे पुस्तक शेजारी ठेवूनच वापरायचं. पुढे ‘सायलॅब ऑन क्लाउड’वर हे कोड ब्राउझरमध्येच चालवण्याची सोय झाली. दाब बदला, तापमान बदला, उत्तर कसं हलतं बघा. छापील उदाहरण गप्प असतं, हे उलट बोलतं. पायथॉनच्या पुस्तकांसाठी हीच गोष्ट नोटबुकांत झाली. मजकूर, कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर.

अशा नोटबुकांनी जगभर एक वेगळा धडा दिला. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंगची शिस्त शिकवण्यासाठी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ सुरू केली. नाव सुतारकामाचं, कारण गगनचुंबी इमारत बांधणं आणि भिंतीला फळी ठोकणं यांतलं दुसरं शिकवायचं होतं. पुढे तिचे पाठ बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर आले आणि देशोदेशीची माणसं एकाच पाठात हात घालू लागली. पाठ नोटबुकांत ठेवले तेव्हा मात्र गाडी अडली. नोटबुकाच्या फाइलमध्ये कोडसोबत त्याचं उत्तर, आलेख आणि कितव्यांदा चालवलं त्याचा आकडासुद्धा साठतो. एखाद्याने अक्षरही न बदलता ते नुसतं चालवलं तरी फाइल बदलते. दोघांचे बदल एकत्र करायला घेतले की खरी दुरुस्ती कोणती आणि कचरा कोणता हे ओळखता ओळखता संध्याकाळ होते. शेवटी पाठ साध्या मजकुराच्या फाइलींत हलवले. चालवून बघायला नोटबुक उत्तम, चौघांनी मिळून दुरुस्त करायला साधा मजकूर, असा तो निवाडा. २०१८ पासून ही मंडळी ‘द कार्पेंट्रीज’ या नावाने एकत्र काम करतात.

व्हिडिओची गत नोटबुकाहून वाईट. तिथे मधलं एक वाक्य खोडता येत नाही. २०१० साली ओपन ऑफिसमधून लिबर ऑफिस वेगळं झालं आणि पुढे आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिली. बटणं जागा बदलतात. तक्त्यातली ओळ एका मिनिटात दुरुस्त होते. व्हिडिओसाठी पुन्हा रेकॉर्डिंग, पुन्हा वेळा लावणं, पुन्हा भाषाभाषांत आवाज.

हे लिहिताना मला आमचं नेवासं आठवतं. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षांत नकलाकारांचे हात लागून पाठ इतका गढूळ झाला की शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणला प्रती जुळवून ती शुद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असं बजावून ठेवलं. संपादन करून दार लावून घेतलं. ग्रंथाला ते हवंच होतं. सॉफ्टवेअरच्या पाठाला दार लावलं की दोन वर्षांत तो खोटं बोलू लागतो.

नेवाशाच्या या अहिल्यानगर जिल्ह्यात शिकणाऱ्यांची कमी नाही. १९८३ साली, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली तेव्हा, लोणीचं प्रवरा, संगमनेरचं अमृतवाहिनी आणि कोपरगावचं संजीवनी ही तिन्ही कॉलेजं एकाच वर्षी निघाली. तिन्ही साखर कारखान्यांच्या परिसरात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केल्याला तेव्हा तीन दशकं होऊन गेली होती. सभासदाने ऊस घालायचा आणि वार्षिक सभेत उठून हिशेबही विचारायचा, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच मला खटकतं की पाठांच्या बाबतीत आपण नुसते साखर विकत घेणारे झालो. व्हिडिओ पाहायचा, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र फाइलला लावायचं. उजव्या रकान्यात आपलंही वाक्य जाऊ शकतं हे लॅबमध्ये कोणी सांगत नाही. त्याला मार्क नसतात, हे एक कारण. दुसरं असं, की छापलेलं आणि रेकॉर्ड केलेलं चुकत नाही हा संस्कार फार जुना.

आणि दुरुस्त्या तर रोज होतात. दुपारची प्रॅक्टिकलची वेळ, कूलर घरघरतोय, एका मशीनवर दोघं. व्हिडिओतली बाई शांतपणे सांगते, टूल्स मेनूत जा. अकोल्याकडून आलेली मुलगी जाते, शोधते, परत येते.

“अगं, तिथं नाही आता. वर फॉरमॅटमध्ये गेलंय ते,” शेजारची म्हणते.

मुलगी ते वहीच्या मागच्या पानावर टिपून घेते आणि व्हिडिओ पुढे चालू करते.