अभ्रिकांचे नॅरोबँड छायाचित्रण (पेण–रोहा परिसर)

डीएसएलआर कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडणारा फिल्टर लावून अभ्रिकांची (तेजोमेघांची) छायाचित्रे घेण्याची पद्धत. रायगड जिल्ह्यातील पेण (18°44′ उ.) आणि रोहा (18°26′ उ.) या तालुक्यांत ती विशेष उपयोगी पडते. पेणच्या उत्तरेला पनवेल–नवी मुंबईचा उजेड क्षितिजावर चढलेला असतो. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत यांचे दिवे रात्रभर चालू असतात. पूर्वेची सह्याद्रीची बाजू आणि रोह्याच्या पश्चिमेचा फणसाड अभयारण्याचा पट्टा तेवढा त्यातल्या त्यात काळोखी. अशा आकाशाखाली मोठी दुर्बीण आणली तर अभ्रिकेचा प्रकाश वाढतो, पण त्याच पटीत आकाशाचा उजेडही वाढतो. या दोघांचे एकमेकांशी प्रमाण बदलते ते फिल्टरने. म्हणून या परिसरात पैसा आधी फिल्टरवर घालावा, दुर्बिणीवर नंतर.

याचे कारण अभ्रिकांच्या प्रकाशाच्या जातीत आहे. ताऱ्याचा प्रकाश सर्व रंगांत सलग पसरलेला असतो. तापलेल्या वायूची अभ्रिका मात्र मोजक्या रेषांतच उजळते. हायड्रोजनची लाल रेषा 656.3 नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या हिरवट रेषा 495.9 व 500.7 नॅनोमीटरवर. विल्यम हगिन्स यांनी 1864 मध्ये कालेय तारकासमूहातील एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला तेव्हा अशा सुट्या रेषा प्रथम दिसल्या. यातील हिरव्या रेषेच्या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. तिची 20 इंची ग्रब दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे तेव्हा म्हणणे असे की ही हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. हगिन्स ते मानत नव्हते. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नाईगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटात ही रेषा पाहिली. ती पट्ट्यासारखी एका बाजूला विरत जात नाही, रेखीव राहते, असा त्यांचा निष्कर्ष 1891 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात आला. रेषा ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवले. पुण्यात तपासली गेलेली तीच रेषा आज फिल्टरची एक खिडकी आहे, आणि फिल्टर उपयोगी पडतो तो तिच्या रेखीवपणामुळेच.

रंगीत सेन्सरचे लाल पिक्सेल ढोबळमानाने 100 नॅनोमीटर रुंदीचा प्रकाश घेतात. 7 नॅनोमीटरचा फिल्टर लावला की सलग पसरलेला उजेड सुमारे चौदाव्या हिश्शावर येतो. हायड्रोजनची रेषा मात्र बहुतेक सगळी आत येते. आकाशाचा उजेड हाच मुख्य अडथळा असेल तोवर, तितकेच स्वच्छ चित्र मिळवायला लागणारा वेळही जवळपास त्याच प्रमाणात घटतो. पूर्वी रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा प्रकाश बराचसा 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असल्याने साधा प्रदूषणरोधक फिल्टरही भागवून नेई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सलग असतो. 2015 पासून देशभर हे दिवे झपाट्याने लागले आणि साध्या फिल्टरांचा उपयोग कमी झाला. नॅरोबँडचे महत्त्व त्यामुळे वाढलेच.

या पद्धतीवरचे आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. डीएसएलआरच्या चार पिक्सेलांत लाल एकच, म्हणजे हायड्रोजनच्या फिल्टरमागे तीन वाया जातात, हे खरे आहे. पण दोन खिडक्यांचा फिल्टर घेतला तर लाल पिक्सेल हायड्रोजन टिपतो, हिरवे-निळे ऑक्सिजन टिपतात, आणि एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही हाती येतात. त्याहून गंभीर अडचण कॅमेऱ्याच्या आतल्या फिल्टरची: तो 656.3 नॅनोमीटरचा जेमतेम चौथा हिस्सा सोडतो. कॅननचा 60डीए (2012) आणि निकॉनचा डी810ए (2015) हे कॅमेरे हा अडसर कमी करूनच निघाले. जुन्या कॅमेऱ्यातला तो फिल्टर जाणकाराकडून काढूनही घेता येतो. असे रंग खरे नव्हेत, असेही म्हटले जाते. रंगांची निवड छायाचित्रकाराची असते, हे मान्य. पण कुठला वायू कुठे उजळतो ते मोजलेले असते, आणि कोणत्या रेषेला कोणता रंग दिला ते चित्राखाली लिहिले की तक्रारीला जागा उरत नाही. काळोख्या जागीच जावे, हा सल्ला उत्तम आहे. 2024 च्या जानेवारीत विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. पण एका अभ्रिकेला अनेक रात्रींचे मिळून सहा-आठ तास द्यावे लागतात. ते घराच्या गच्चीवरून जमते, वर्षातून एकदा केलेल्या विदर्भाच्या फेरीत जमत नाही. मात्र दीर्घिका आणि कृत्तिकांभोवतीची धूळ यांचा प्रकाश ताऱ्यांचाच, म्हणजे सलग असतो. फिल्टर तोही अडवतो. त्यांच्यासाठी काळोखाला पर्याय नाही.

उपकरणे : ट्रॅकर (आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारे यंत्र), मजबूत ट्रायपॉड, 135 ते 400 मिमी लेन्स, दव हीटर.

पद्धत : पाच-दहा मिनिटांची अनेक एक्सपोजर, तितक्याच अवधीच्या व तापमानाच्या डार्क फ्रेम (लेन्स झाकून घेतलेली चित्रे), नंतर स्टॅकिंग (सर्व चित्रे एकत्र करणे).

जागा व ऋतू : ध्रुवतारा येथे क्षितिजापासून साडेअठरा अंशांच्या आसपासच असतो, उत्तरेला डोंगर वा इमारत आली तर ध्रुवताऱ्यावरून ट्रॅकर जुळवणे कठीण होते, म्हणून जागा निवडताना आधी तेच पाहावे. डीएसएलआरच्या सेन्सरला थंड करण्याची सोय नसते आणि साधारण दर 6 अंश सेल्सिअसला त्यातला गोंगाट वाढवणारा उष्णताजन्य विद्युतप्रवाह दुप्पट होतो. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मृगातील अभ्रिका तेव्हा मध्यमंडलावर 66 अंशांपर्यंत चढते, शृंगाश्वातील रोझेट त्याहूनही वर. खाडीच्या दमट हवेने लेन्सवर दव धरते, ते हीटरने आवरावे लागते. धनू राशीतील लगून अभ्रिका मध्यरात्री दक्षिणेला मध्यमंडलावर येते ती ऐन पावसाळ्यात. पेण–रोह्यातून ती टिपायची तर एप्रिल-मेच्या पहाटेच.