इंदापूर-बारामतीवरचा वारा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकास भीमा आणि नीरा या नद्यांच्या बेचक्यात पसरलेल्या बारामती व इंदापूर या तालुक्यांचा इतिहास लिहिणारे मालोजीराजांच्या जहागिरीपासून नीरेच्या डाव्या कालव्यापर्यंत सारे काही नमूद करतात. परंतु या मुलखाच्या दैवाचा खरा मुखत्यार जो वारा, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याने महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस ओतावा, तोच सह्याद्री ओलांडून खाली उतरू लागला की तापतो, कोरडा होतो आणि बारामतीस जेमतेम वीस इंचांची खैरात करून पुढे निघून जातो. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जड जमाबंदीने इंदापूरची रयत परागंदा झाल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835-36 च्या सुमारास याच तालुक्यापासून नव्या मोजणीस आरंभ केला. त्यांनी जमिनीची प्रतवारी लावली, सारा हलका केला, आणि ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात दूरवर गेली. मात्र वाऱ्याची प्रतवारी लावणे कोणत्याही सरकारी खात्याच्या आटोक्यातले नव्हते.

ती लावण्याची विद्या बलूनने आणली, आणि तिचे पहिले धडे अपघातांनीच दिले. 1889 च्या मार्च महिन्यात पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज वैमानिक कलकत्त्याहून एकटाच बलूनमधून वर गेला, तो वाऱ्याने नेला तसा सुंदरबनाच्या दिशेने गेला. बशीरहाटजवळ तो सुखरूप उतरला खरा, परंतु त्याची वार्ता शहरास पोहोचेपर्यंत लोकांनी त्याची आशा सोडली होती. बलूनला सुकाणू नसते. चालकाच्या हाती काय ते वर चढणे आणि खाली येणे. इष्ट दिशेचा वारा ज्या उंचीवर वाहत असेल ती शोधणे एवढेच त्याचे कर्तृत्व. 2005 च्या 26 नोव्हेंबरला उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या बलूनने 21,000 मीटरांच्या वर गेले, जागतिक उच्चांक केला, आणि उतरले ते थेट घाटापलीकडे, नाशिक जिल्ह्यात! उंची माणसाने ठरविली. मुक्कामाचे गाव वाऱ्याने.

दख्खनवरचे हे आकाश तर मजल्यामजल्याने विभागलेले आहे. जुलैत खालचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो. पाच-सहा किलोमीटरांपलीकडे तो मंदावून दिशा बदलतो. आणि त्याहूनही पुष्कळ वर, चौदा-पंधरा किलोमीटरांवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे असा प्रचंड वेगाचा झोत वाहतो की 1950 च्या दशकात हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी त्याचे स्वरूप मांडले तेव्हा मान्सूनच्या अभ्यासास निराळेच वळण लागले. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. या खात्याची रीत अशी की, हायड्रोजन भरलेला लहानसा रबरी फुगा सोडावा, थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून मिनिटामिनिटाला त्याचे कोन टिपावेत आणि त्यांवरून प्रत्येक थरातील वाऱ्याची दिशा व गती काढावी. दैवदुर्विलास असा की ऐन पावसाळ्यात, जेव्हा या माहितीची निकड सर्वाधिक, तेव्हाच फुगा ढगात शिरून दृष्टीआड होई. रेडिओ आणि रडार आल्यावरच ही अडचण फिटली.

बारामतीकरांना या विद्येचा प्रत्यक्ष परिचय झाला तो 1972 च्या दुष्काळानंतर. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळातील अकरा पावसाळ्यांत या भागावर पाऊस वाढावा म्हणून डकोटा विमानातून बारीक दळलेले मीठ ढगांत फवारले. येथेही खरा प्रतिपक्ष वाराच होता. मीठ एका ढगात टाकावे आणि पाऊस शेजारच्या शिवारात पडावा, मग परिणामाचा हिशेब कोणी द्यावा? म्हणून उत्तर व दक्षिण असे दोन भाग पाडून मध्ये एक पट्टा मोकळा राखला, आणि कोणत्या दिवशी कोणत्या भागावर मीठ टाकायचे हे माणसाच्या पसंतीवर न सोडता यदृच्छेवर सोपविले. ही शिस्त मला त्या प्रयोगाच्या फलिताहूनही अधिक मोलाची वाटते. फलित सरासरी चोवीस टक्के अधिक पावसाचे निघाले. पण ते सरसकट नव्हते. किलोमीटरभराहून अधिक जाडीच्या, पाण्याने भरलेल्या ढगांनाच मीठ मानवले, आणि पातळ ढग तर मीठ पडल्यावर विरून जाण्याकडेच कलले. दुष्काळाच्या वर्षी या तालुक्यांवरून जे ढग सरकतात, ते बहुधा असेच पातळ असतात.