फ्लाइट डिस्पॅचर : हवामानज्ञानाची आवश्यकता

विमान कंपनीच्या नियंत्रण केंद्रातून उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवणाऱ्या कर्मचाऱ्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. अंदाज वर्तवणे हे हवामानतज्ज्ञाचे काम. हाती आलेल्या अंदाजावरून विशिष्ट विमान ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने सोडावे की नाही, हे ठरवण्याइतके हवामानशास्त्र डिस्पॅचरला यावे लागते.

नियम व प्रशिक्षण : अमेरिकेत 1938 च्या नागरी हवाई कायद्यानंतर या कामासाठी परवान्याची पद्धत आली. तेथे उड्डाणपूर्व नियोजन, विलंब व उड्डाणाची मंजुरी यांची जबाबदारी कप्तान आणि डिस्पॅचर यांच्यावर संयुक्तपणे असते. इतर देशांत जबाबदारीची ही विभागणी वेगवेगळी आहे. किमान 200 तासांच्या अमेरिकी अभ्यासक्रमात मूलभूत हवामान, विश्लेषण व पूर्वानुमान आणि हवामानामुळे विमानाला होणारे धोके हे भाग असतात. भारतात डिस्पॅचरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते.

संदेशांचे वाचन : मेटार हे विमानतळावरील प्रत्यक्ष निरीक्षण, टॅफ हे तेथील पूर्वानुमान, तर सिग्मेट हा मार्गातील वादळ, हवेतील तीव्र खळबळ, विमानावर जमणारा बर्फ किंवा ज्वालामुखीची राख यांबाबतचा इशारा होय. सांकेतिक अक्षरे काही आठवड्यांत पाठ होतात. त्यांचा अर्थ लावणे अवघड असते. टॅफमधील ‘टेम्पो’ या नोंदीत प्रत्येक बदल एका तासापेक्षा कमी टिकणारा आणि एकूण नोंदीच्या कालावधीच्या निम्म्यापेक्षा कमी काळाचा अपेक्षित असतो. तो बदल विमान उतरण्याच्या वेळीच आला, तर जादा इंधन लागते.

निर्णयाचे निकष : अमेरिकी नियमांनुसार देशांतर्गत उड्डाणात, पोहोचण्याच्या अंदाजित वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ किमान 2,000 फूट आणि दृश्यमानता किमान 3 मैल अपेक्षित नसेल, तर पर्यायी विमानतळ नेमावाच लागतो. तो निवडताना हवामानाची व्याप्ती समजणे निर्णायक ठरते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके असते तेव्हा लखनौ, अमृतसरही अनेकदा त्याच पट्ट्यात असतात. म्हणून पर्याय सिंधू-गंगेच्या मैदानाबाहेर शोधावा लागतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा सक्रिय असताना मुंबई आणि गोवा दोन्हीकडे एकाच वेळी मुसळधार पाऊस असू शकतो. सुमारे 3,250 मीटर उंचीवरील लेह येथे दुपारची उष्णता उड्डाणक्षमता घटवते आणि वारेही वाढतात. त्यामुळे विमाने प्रामुख्याने सकाळी ये-जा करतात.

वरच्या थरांतील वारे : जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंचावरील वेगवान वाऱ्यांच्या, विरुद्ध दिशेने जाताना वेळ आणि इंधन वाढते. जगभरातील विमानमार्गांसाठी वारे व तापमान यांची पूर्वानुमाने लंडन आणि वॉशिंग्टन या नावांच्या केंद्रांतून मिळतात.

अपघातातून मिळालेला पुरावा : 4 एप्रिल 1977 रोजी सदर्न एअरवेजच्या 242 क्रमांकाच्या उड्डाणाचे डीसी-9 विमान हंट्सव्हिलहून अटलांटाकडे जाताना तीव्र गडगडाटी वादळात शिरले. पाऊस आणि गारांमुळे दोन्ही इंजिने बंद पडली. जॉर्जियातील न्यू होप येथे महामार्गावर उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले. जमिनीवरील लोकांसह 70 हून अधिक जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालाने प्रमुख साहाय्यक कारणांत तीन बाबी नोंदवल्या : मार्गावरील तीव्र हवामानाची अद्ययावत माहिती वैमानिकांना देण्यात कंपनीच्या डिस्पॅच व्यवस्थेला आलेले अपयश, वादळी पट्टा ओलांडण्यासाठी कप्तानाने विमानातील रडारवर ठेवलेला भरवसा, आणि धोकादायक हवामानाची माहिती वेळेत पोहोचवण्यातील हवाई वाहतूक नियंत्रणाच्या मर्यादा. उड्डाण सुटल्यानंतरही हवामानावर लक्ष ठेवणे हा डिस्पॅचरच्या कामाचा गाभा का आहे, हे या निष्कर्षातून स्पष्ट होते.

संगणकीय साधने : मार्ग आणि इंधन यांची आकडेमोड आता संगणक करतो, पण अंदाज कितपत विश्वासार्ह आहे याचा निवाडा डिस्पॅचरलाच करावा लागतो.

ज्ञानाची उजळणी : अमेरिकी नियमांनुसार डिस्पॅचरला दर 12 महिन्यांत किमान 5 तास वैमानिककक्षातून उड्डाणाचे निरीक्षण करावे लागते.